विमानाला दीड तास, मग मला सहा तास का लागले? मुंबई–नागपूर प्रवासातले चार आकडे

(पॉडकास्टच्या या भागाचा लिखित मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती कमी केली आहे, बाकी भाषा बोलण्याचीच ठेवली आहे.)

आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, यात काय सांगण्यासारखं आहे? दोन विमानतळांमधलं अंतर आणि विमानाला लागणारा वेळ. फोन काढा, दोन शहरांची नावं टाका, अर्ध्या सेकंदात उत्तर मिळतं. मलाही असंच वाटायचं. पण त्या अर्ध्या सेकंदात मिळालेल्या उत्तरामुळे माझी एक मोठी चूक झाली. ती आधी सांगतो, मग आकड्यांकडे येऊ.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिना होता. मी डोंबिवलीला राहतो, आजोळ नागपूरचं. सकाळी सव्वानऊला मामाचा फोन आला, आजी गेली. आई आधीच तिकडे होती. मामाने एकच विचारलं, "तुला यायला किती वेळ लागेल? त्या हिशोबाने ठरवतो." मी फोन कानाला लावूनच दुसऱ्या स्क्रीनवर मुंबई ते नागपूर टाकलं. उत्तर आलं दीड तास. मी म्हणालो, "मामा, दीड तासाचं विमान आहे, दोनपर्यंत दारात असतो."

नंतर तिकीट बघितलं तर जागा मिळाली ती दुपारी १:३५ च्या विमानात. पोहोचण्याची वेळ ३:१०. मी मेसेज टाकला, "तीनला पोहोचतो." म्हणजे बघा, नऊच्या फोनमध्ये दोन, दहाच्या मेसेजमध्ये तीन. प्रत्यक्षात आजोळच्या दारात मी उभा होतो ४:३५ ला. घराला कुलूप होतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "चार वाजताच निघाले सगळे." घाटावर पोहोचलो तेव्हा अग्नी देऊन झाला होता.

मामा रागावला नाही. दोन दिवसांनी एवढंच म्हणाला, "अरे, तू पहिल्यांदाच पाच म्हणाला असतास तर आम्ही पाचला निघालो असतो. दोन म्हणालास, मग तीन. लोकं विचारून राहिले होते, आता किती वेळ, आता किती वेळ. मी काय सांगू?"

तेव्हा मला कळलं की विमानाला उशीर झाला हे कारण निम्मंच खरं आहे. उशीर झाला तो वीसेक मिनिटांचा. चूक झाली ती मी सांगितलेल्या आकड्यात. म्हणून आज तो आकडा नीट उलगडून बघू. खरं तर तो एक आकडा नाहीच, चार आहेत.

पहिला आकडा: सरळ रेषेतलं अंतर

मुंबई विमानतळ ते नागपूर विमानतळ हे अंतर साधारण ६८५ किलोमीटर आहे. इंटरनेटवरचं कुठलंही अंतर मोजणारं पान दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घेतं आणि पृथ्वीच्या गोलावरून सगळ्यात जवळचा रस्ता कोणता ते काढतं. एखाद्या संत्र्यावर दोन टाचण्या टोचा आणि त्यांच्यामध्ये दोरा ताणून धरा. दोरा आपोआप सगळ्यात छोट्या वाटेवर बसतो. तोच हा मार्ग.

मुंबई–नागपूरसारख्या जवळच्या शहरांसाठी सपाट नकाशावर पट्टी ठेवून मोजलं तरी फार फरक पडत नाही. पण मुंबई ते न्यूयॉर्क घ्या. अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर रेषा अरबस्तान, आफ्रिकेचा उत्तर भाग आणि अटलांटिक अशी जाते. संत्र्यावर दोरा ताणला तर तो कितीतरी वर, उत्तरेकडून जातो. विमानात समोरच्या स्क्रीनवर आपला मार्ग धनुष्यासारखा वाकलेला दिसतो, तो प्रत्यक्षात सरळच असतो. वाकडा असतो तो नकाशा. गोल गोष्ट सपाट कागदावर पसरवली की हे होणारच.

वैमानिक हे अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाहीत, नॉटिकल मैलात मोजतात. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. त्यामुळे एखाद्या पानावर मुंबई–नागपूर ३७० दिसलं तर घाबरू नका, ते तेच अंतर आहे. साधे मैल असतील तर ४२५ च्या आसपास दिसेल.

आता जमिनीवरून किती? रेल्वेने सीएसएमटी ते नागपूर सुमारे ८४० किलोमीटर, कारण गाडी कसारा घाट चढून नाशिक, भुसावळ, अकोला असं करत जाते. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, पण तो भिवंडीजवळच्या आमणेला संपतो, तिथून मुंबईत शिरायचं ते वेगळं.

नागपूरकरांना एक गोष्ट ऐकून बरं वाटेल. नागपूर देशाच्या मध्यावर आहे हे आपण झीरो माइलच्या खांबाजवळ फोटो काढताना म्हणतो. विमानाच्या अंतरात ते स्पष्ट दिसतं. नागपूरहून मुंबई ६८५, दिल्ली साधारण ८५५, चेन्नई ९१०, कोलकाता ९८५ किलोमीटर. चारही हजाराच्या आत. याचाच फायदा घेऊन १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास अशा चार दिशांनी विमानं रात्री निघायची, नागपूरला एकत्र यायची, तिथे पत्रांच्या थैल्या एकमेकांना द्यायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरात परत जायची. संध्याकाळी मुंबईत टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात! ईमेल नसलेल्या काळात ही केवढी गोष्ट असेल.

तर पहिला आकडा ६८५. हा आकडा पक्का आहे. पण तो विमानतळ ते विमानतळ आहे आणि विमान बरोबर या रेषेवरून उडत नाही.

दुसरा आकडा: हवेतला वेळ

शाळेतलं गणित करू. आपल्याकडच्या देशांतर्गत प्रवासातलं जेट विमान वर गेल्यावर ताशी साधारण ८३० किलोमीटर वेगाने जातं. ६८५ भागिले ८३०, म्हणजे ५० मिनिटं. काही वेबसाइट तर एवढंच गणित करून वेळ छापतात. पण मुंबई ते नागपूर हवेतला वेळ साधारण एक तास दहा मिनिटं असतो. वरची वीस मिनिटं कुठून आली?

पहिलं कारण चढण आणि उतरण. विमान जमीन सोडतं तेव्हा त्याचा वेग ताशी २६०–२८० किलोमीटरच्या आसपास असतो. दहा हजार फुटांच्या खाली साधारणपणे २५० नॉटची मर्यादा पाळतात, म्हणजे ताशी ४६० किलोमीटर. पस्तीस हजार फुटांवर जायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. तोवर दोनशेएक किलोमीटर संपलेले असतात. उतरण्यासाठी वैमानिकांचा एक ठोकताळा आहे, दर हजार फुटांना तीन नॉटिकल मैल. पस्तीस हजार फुटांचे झाले १०५ नॉटिकल मैल, म्हणजे जवळपास १९५ किलोमीटर. म्हणजे नागपूर अजून दोनशे किलोमीटर लांब असताना विमान खाली यायला लागतं.

आता वजाबाकी करा. ६८५ मधून चढणीचे दोनशे आणि उतरणीचे दोनशे गेले. उरले तीनशेच्या आसपास. पूर्ण वेगाने विमान फक्त एवढंच अंतर जातं, साधारण बावीस मिनिटं. एअर होस्टेस पाण्याची ट्रॉली घेऊन आल्या आल्या परत वळतात, त्याचं कारण हेच.

दुसरं कारण धावपट्टीची दिशा. विमान शक्यतो वाऱ्याला तोंड देऊन उडतं आणि उतरतं. मुंबईत बहुतेक वेळा वारा समुद्राकडून येतो, म्हणून मुख्य धावपट्टीवरून विमान पश्चिमेला उडतं. नागपूर पूर्वेला! त्यामुळे तुम्ही नागपूरला निघालेले असता आणि खिडकीतून दिसतो अरबी समुद्र. मग विमान मोठं वळण घेऊन पूर्वेकडे वळतं. ही वाकडी वाट अंतराच्या पानावर कधीच धरलेली नसते.

तिसरं कारण वारा. हे मला सगळ्यात आवडतं. हिवाळ्यात उत्तर आणि मध्य भारतावरून खूप उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. समजा विमानाच्या वाटेवर तो ताशी १०० किलोमीटर आहे. नागपूरकडे जाताना तो पाठीमागून ढकलतो, म्हणजे जमिनीच्या हिशोबाने वेग ८३० अधिक १००. परत येताना तोच वारा समोरून, ८३० वजा १००. वरच्या टप्प्यात काही मिनिटांचा फरक पडतो. पावसाळ्यात चित्र पालटतं. दक्षिण भारतावर उंचावर पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारा प्रवाह तयार होतो. पी. कोटेश्वरम या भारतीय हवामानशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात त्याचा अभ्यास जगासमोर मांडला. मुंबई–नागपूर इतक्या उत्तरेला त्याचा जोर कमी असतो, पण हिवाळ्यातला पश्चिमेचा वारा तेव्हा मिळत नाही हे नक्की.

लांबच्या प्रवासात हाच फरक मोठा होतो. मुंबई–लंडन साधारण ७,२०० किलोमीटर. लंडनहून मुंबईला येताना जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा जाताना तासभर जास्त लागतो. अनेकांना वाटतं की पृथ्वी फिरते म्हणून असं होतं. तसं नाही. पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते आणि विमान त्या हवेतच असतं. चालत्या ट्रेनमध्ये तुम्ही मागच्या डब्यातून पुढच्या डब्यात चालत गेलात, तर ट्रेनच्या वेगामुळे तुमची पावलं कमी होतात का? नाही ना? फरक पडतो तो वाऱ्याने.

आणि कधी कधी आकाशातला रस्ताच बंद असतो. २०१९ च्या फेब्रुवारी अखेरीपासून जुलै मध्यापर्यंत पाकिस्तानची हवाई हद्द बंद होती. दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या विमानांना वळसा घालावा लागला. शहरं जागची हलली नव्हती, अंतराच्या पानावरचा आकडाही तोच होता, पण प्रवास लांबला.

तिसरा आकडा: तिकिटावरचा वेळ

हवेतला वेळ एक तास दहा मिनिटं. मग तिकिटावर दीड तास किंवा एक तास पस्तीस मिनिटं का छापतात?

कारण तिकिटावरची सुटण्याची वेळ म्हणजे विमानाने जमीन सोडण्याची वेळ नाही. विमान उभ्या जागेवरून हलतं, चाकांखालचे ठोकळे काढतात, ती सुटण्याची वेळ. आणि दुसऱ्या गावी विमान आपल्या जागी थांबून पुन्हा ठोकळे लावतात, ती पोहोचण्याची वेळ. या दोन ठोकळ्यांमधल्या वेळेला विमान कंपन्या ब्लॉक टाइम म्हणतात.

यात जमिनीवर सरपटणं आलं, रांग आली. मुंबईत ही रांग मोठी असते. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेद देतात. त्यामुळे कागदावर दोन असल्या तरी दोन्हींवरून एकाच वेळी विमानं सोडता येत नाहीत, काम एका वेळी एकीवरच चालतं. एका धावपट्टीवरून तासाला चाळीसहून जास्त विमानं चढ-उतार करतात. म्हणजे जवळपास दर सव्वा ते दीड मिनिटाला एक. तुमचं विमान पाचवं असलं तर थांबा.

शिवाय कंपन्या थोडा जादा वेळ मुद्दाम धरतात. जगभर साधारण रिवाज असा की छापलेल्या वेळेच्या १५ मिनिटांच्या आत विमान असेल तर ते "वेळेवर". वेळापत्रकात दहा मिनिटं जास्त धरली तर वेळेवर पोहोचण्याचं प्रमाण चांगलं दिसतं. माझं विमान २५ मिनिटं उशिरा सुटूनही २० मिनिटंच उशिरा पोहोचलं, ते या राखीव मिनिटांमुळे. हे वाईट आहे असं मी म्हणत नाही. मुंबईची रांग बघता ते शहाणपणाचंच आहे. पण हा आकडा तुमच्या प्रवासाचा नाही, विमानाचा आहे, एवढं लक्षात ठेवा.

परदेशी जाणाऱ्यांसाठी जाता जाता एक गोष्ट. तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात. मुंबईहून दहाला निघून दुबईला पावणेबाराला पोहोचणार असं दिसलं तर तो पावणेदोन तासांचा प्रवास नाही. दुबईचं घड्याळ दीड तास मागे आहे. खरा वेळ सव्वातीन तास.

चौथा आकडा: दारापासून दारापर्यंत

हा आकडा कुठल्याही पानावर मिळत नाही, कारण तुमचं दार कुठे आहे हे त्या पानाला माहीत नसतं. तो आपला आपण काढायचा. त्या दिवसाचा माझा हिशोब असा होता:

१०:३० – डोंबिवलीहून निघालो
१२:२० – विमानतळावर पोहोचलो
१:३५ – सुटण्याची छापील वेळ (प्रत्यक्षात २:००)
३:३० – नागपूरला विमान थांबलं (छापील वेळ ३:१०)
३:५० – बाहेर येऊन टॅक्सीत बसलो, सामान फक्त पाठीवरची सॅक
४:३५ – आजोळच्या दारात

एकूण सहा तास पाच मिनिटं. त्यातला पूर्ण वेगाने उडण्याचा भाग बावीस मिनिटं!

आता हे बघा. यातला उशीर फक्त वीस मिनिटांचा. बाकी सगळं मला सकाळी दहा वाजता, तिकीट काढताना माहीत होतं किंवा अंदाजाने सांगता आलं असतं. ३:१० ला विमान, वीस मिनिटं बाहेर यायला, पाऊण तास टॅक्सी, म्हणजे सव्वाचार. त्यात अर्धा तास राखीव धरला की पावणेपाच. मामाला "पावणेपाच" सांगायला मला दोन मिनिटं लागली असती. मे महिन्यात नागपूरला सूर्यास्त पावणेसातच्या सुमारास होतो. वेळ होता. सगळे माझ्यासाठी थांबले असते, आणि उन्हात ताटकळत नाही, तर ठरवून.

विमान निवडणं चुकलं का? तेही मी नंतर तपासलं. रेल्वेने रात्रभराचा प्रवास. समृद्धीवरून गाडीने आठ तास असं सांगतात, तेही कुठे न थांबता. शिवाय शेवटचा इगतपुरी–आमणे टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला, तेव्हा तो नव्हताच. म्हणजे विमानच बरोबर होतं. विमान सगळ्यात लवकर पोहोचवतं म्हणून ते दीड तासात पोहोचवतं असं मी धरलं, तिथे गडबड झाली.

तुमचा चौथा आकडा काढताना एवढं तपासा:

१. विमानतळ आणि टर्मिनल. तिकिटावर नुसतं "मुंबई" वाचून निघू नका. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळही सुरू झाला आहे. जुन्या विमानतळावर टी१ आणि टी२ वेगळ्या ठिकाणी आहेत. विमानतळ चुकला तर दीड-दोन तास गेलेच.

२. आधीचा वेळ. देशांतर्गत प्रवासात बहुतेक कंपन्यांचा सामान घेण्याचा काउंटर एक तास आधी बंद होतो आणि गेट वीस-पंचवीस मिनिटं आधी. म्हणून दीड ते दोन तास आधी पोहोचायचं. हा वेळही प्रवासातच धरा.

३. सामान. पट्ट्यावरून बॅग घ्यायची असेल तर उतरल्यानंतरचे अजून वीस-तीस मिनिटं धरा.

४. दोन्हीकडचा रस्ता. सकाळी ११ चा रस्ता आणि संध्याकाळी ७ चा रस्ता वेगळा. नकाशाच्या ॲपमध्ये निघण्याची वेळ घालून बघता येतं, ते बघा.

५. राखीव. छोट्या प्रवासाला अर्धा तास, मध्ये विमान बदलायचं असेल तर बराच जास्त.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, तिकीट हातात येईपर्यंत कुणाला वेळ सांगूच नका. "तिकीट बघतो आणि दहा मिनिटांत सांगतो" एवढंच म्हणा. वाट बघणारा माणूस दहा मिनिटं आनंदाने थांबतो. दर तासाला बदलणारी वेळ ऐकून त्याचं काहीच ठरत नाही.

गेल्या वर्षी आजीच्या वर्षश्राद्धाला गेलो होतो. निघायच्या आदल्या रात्री मामाचा फोन, "किती वाजता येशील?" विमान ११:२० ला उतरणार होतं. मी म्हणालो, "पाऊणला घरी." १२:४० ला दारात होतो. मामाने घड्याळ बघितलं, काही बोलला नाही, आत हाक मारली, "पानं घ्या."

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या गावाचा चौथा आकडा काढून बघा. कोल्हापूर–मुंबई असो, पुणे–दिल्ली असो की नांदेडहून कुठेही. ॲपवर किती दिसतो आणि दारापासून दारापर्यंत किती होतो, ते व्हॉइस नोटने पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. आणि घरी कुणी वाट बघत असेल तर त्यांना चौथाच आकडा सांगा. भेटू पुढच्या भागात!